मुखकर्करोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

तोंडाच्या कर्करोगावर हळद गुणकारी आहे काय, एखाद्या रानातल्या मुळीने गाठ विरघळते काय, हे प्रश्न महाराष्ट्रातील घराघरांत आजही विचारले जातात. त्यांची उत्तरे कशी शोधावीत याची शिस्त भारतात ज्यांनी घालून दिली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी येते. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. वनस्पतीपासून मुखकर्करोगाचे औषध शोधण्याच्या वाटेला मात्र ते गेले नाहीत. हा रोग कोणत्या वनस्पतीमुळे होतो, हा प्रश्न त्यांनी आधी हाती घेतला आणि त्याचे उत्तर अनुमानाने न देता मोजणीने दिले.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे झाला. घराणे गोमंतकीय, पण बालपण मुलखापासून दूर, सरहद्दीवरच्या त्या लष्करी ठाण्याच्या गावी गेले. पुढे वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी परदेशातून अशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास मुंबईत खासगी व्यवसायाची दारे सताड उघडी असत. खानोलकरांनी अध्यापन आणि प्रयोगशाळा पत्करली. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व त्यानंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले.

विकृतिशास्त्र हा विषय तेव्हा फारसा मानाचा नव्हता. शवविच्छेदन करणारा आणि काचपट्टीवरचे नमुने पाहून अहवाल लिहिणारा तो विकृतितज्ज्ञ, एवढीच त्याची ओळख असे. रोगाने शरीरात काय बदल घडवले हे नोंदवून थांबणे खानोलकरांना पुरेसे वाटत नव्हते. तो बदल याच माणसात, याच जागी आणि याच वयात का झाला, हे विचारणे त्यांना आपल्या शास्त्राचे काम वाटे. या वृत्तीला योग्य क्षेत्र मिळाले ते १९४१ मध्ये. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यावर त्यांच्या कुटुंबाने कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा संकल्प सोडला होता. सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

कर्करोग हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, भारतीयांना तो क्वचितच होतो, असा समज त्या वेळी वैद्यकीय वर्तुळातही रूढ होता. कोणी त्याचे श्रेय शाकाहाराला देत असे, तर कोणी साध्या राहणीला. खानोलकरांनी या समजाची झडती घेतली. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग आणि त्या काळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत. बहुसंख्य माणसे कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचतच नव्हती. जी पोहोचत त्यांतील पुष्कळ रुग्णालयाची पायरी चढत नसत आणि चढली तरी रोगाचे अचूक निदान होईलच अशी खात्री नसे. भारतीयांना कर्करोग कमी होतो असे नसून तो कमी नोंदला जातो, हे त्यांनी १९४५ च्या आसपासच्या आपल्या लेखनातून आकडेवारीनिशी मांडले.

नवे रुग्णालय देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण खेचत होते. गुजराती व्यापारी, कोकणातला गिरणी कामगार, बिहारचा हमाल, आंध्रच्या किनाऱ्यावरील कोळीण असे सारे एकाच दालनात येऊन बसत. एवढ्या विविध चालीरीतींची माणसे एकाच छताखाली आणि एकाच तपासणीखाली येणे, ही संशोधकाच्या दृष्टीने दुर्मीळ संधी होती. पाश्चात्त्य रुग्णालयांच्या तुलनेत येथे एक गोष्ट ठळकपणे वेगळी दिसे. येथे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने येत. खानोलकरांनी मुखकर्करोगाच्या एकापाठोपाठ एक आलेल्या १००० रुग्णांचा अभ्यास केला आणि तो १९४४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्ण निवडून न घेता क्रमाने घेणे याला महत्त्व होते. सोयीचे तेवढे रुग्ण निवडले की हवा तो निष्कर्ष काढता येतो. क्रमाने आलेले सर्व रुग्ण घेतले की ती पळवाट उरत नाही.

पानविडा आणि मुखकर्करोग यांच्या संबंधाचा संशय नवा नव्हता. मद्रासच्या शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याकडे लक्ष वेधले होते आणि १९३३ मध्ये त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्यांच्या कर्करोगाविषयी लिहिले गेले होते. खानोलकरांनी या संशयाला भूगोलाची आणि शरीररचनेची जोड दिली. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या निबंधात भारतीय सवयींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन होते. बिहार व उत्तर प्रदेशाकडील माणसे तंबाखू आणि चुना तळहातावर मळून खालच्या ओठाच्या आत धरतात. या खैनीचा कर्करोग नेमका तेथेच, खालच्या ओठावर उद्भवत होता. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः स्त्रियांमध्ये, चुट्टा पेटवून त्याचे जळते टोक तोंडात धरण्याची चाल होती. तेथील रुग्णांच्या टाळूवर गाठ दिसे, जी जागा एरवी कर्करोगापासून बहुधा मुक्त असते. तिसरा प्रकार कमरेचा होता. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने जी त्वचा घासली जाते, तेथे तो आढळला.

या तीन प्रकारांनी एक गोष्ट शिकवली. माणूस विडा गालात ज्या बाजूस धरतो, तंबाखू जेथे दाबतो, धग जेथे लागते, तेथे रोग उगवतो. काश्मीरमध्ये अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावरच्या कर्करोगाचे उदाहरण पूर्वीपासून माहीत होतेच. कर्करोग हा प्राक्तनाचा भोग किंवा रक्तातला दोष मानला जात होता, त्या काळात तो सवयीचा परिणाम असू शकतो आणि म्हणून टाळता येतो, असा याचा अर्थ होता. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावरील इंग्लंडमधील सुप्रसिद्ध अभ्यास १९५० मध्ये आला. मुंबईतील काम त्याच्या सहा वर्षे आधीचे होते.

केवळ रुग्णांच्या सवयी नोंदवून भागत नाही, याची जाणीव खानोलकरांना होती. ज्या समाजात बहुतेक सगळेच तंबाखू खातात तेथे रुग्णही तंबाखू खाणाराच निघणार. त्यासाठी रोग नसलेल्या माणसांचीही तीच विचारपूस करून दोन्ही गटांची तुलना करावी लागते. डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह त्यांनी असा तौलनिक अभ्यास केला आणि १९५५ मध्ये तो ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यत्वे तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर विडीचा संबंध जिभेच्या मुळाशी व घशाशी अधिक दिसतो, असे त्यातून स्पष्ट झाले. तुलनेचा हा आग्रह त्यांच्या सर्व कामाचा कणा होता.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मूलभूत संशोधनाला मर्यादा पडत. त्यासाठी स्वतंत्र संस्था हवी, हा विचार खानोलकरांनी सातत्याने लावून धरला आणि १९५२ मध्ये परळ येथेच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. खानोलकर तिचे संस्थापक संचालक. संस्थेची बांधणी करताना त्यांनी केवळ डॉक्टरांना जवळ केले नाही. जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, संख्याशास्त्र आणि आनुवंशशास्त्र जाणणारे तरुण यांना त्यांनी एकत्र आणले. पुण्यात वाढलेल्या कमल रणदिवे या त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि या संस्थेत त्यांनी शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. एखादा पदार्थ कर्करोग घडवतो की रोखतो याची पहिली परीक्षा अशा पात्रात होते. दुसरी होते ती प्राण्यांवर.

मुखकर्करोगाच्या अभ्यासात हॅमस्टर या लहानशा कृंतक प्राण्याला विशेष स्थान आहे. धान्य साठवण्यासाठी त्याच्या गालात पिशवी असते. ती बाहेर ओढून तिच्या अस्तरावर एखादा अर्क दीर्घकाळ लावत राहिले, की माणसाच्या गालात तंबाखूची गोळी वर्षानुवर्षे धरल्याने काय होत असेल त्याचा अंदाज बांधता येतो. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखू यांच्या कर्कजनक गुणांवरील आपले प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. दरम्यान, १९५३ मध्ये मुंबईतच डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंड हळूहळू आवळत जाऊन पुरते उघडेनासे होणाऱ्या विकाराचे वर्णन केले होते. तो विकार सुपारीशी निगडित असल्याचे पुढे दिसून आले. मंगल प्रसंगी अग्रपूजेचा मान असलेली सुपारी तंबाखूविनाही कर्करोगास कारण ठरते, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले.

खानोलकरांची जिज्ञासा एका रोगात अडकून पडणारी नव्हती. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील आपापल्या जातीतच विवाह करणाऱ्या समाजगटांची आनुवंशिक वैशिष्ट्ये तपासली. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत त्वचेत आणि मज्जातंतूंत काय घडते यावरील त्यांचे काम जगभर वाखाणले गेले. इंडियन असोसिएशन ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स अँड मायक्रोबायॉलॉजिस्ट्स या विकृतितज्ज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मानही त्यांना लाभले.

त्यांच्या हयातीतच वनस्पतिज औषधांनी कर्करोगाच्या उपचारात पहिले मोठे यश मिळवले. आपल्याकडे कुंपणाला आणि तुळशीवृंदावनाशेजारी फुलणाऱ्या सदाफुलीतून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही द्रव्ये वेगळी काढली गेली आणि त्यांनी रक्ताच्या कर्करोगाचे चित्र पालटले. मधुमेहावरील लोकौषध म्हणून तिचा अभ्यास सुरू झाला आणि हाती आले ते कर्करोगाचे औषध. त्यासाठी पाने उकळून पाजणे उपयोगाचे नव्हते. नेमके द्रव्य वेगळे करणे, त्याची मात्रा ठरवणे, विषारीपणा मोजणे आणि मग रुग्णांत पडताळणे, हा लांबचा रस्ता चालावा लागला.

खानोलकरांनी परळला बसून मांडलेला प्रश्न पुढे खेड्यापाड्यांत गेला. रुग्णालयात येणारा रुग्ण रोगाच्या अखेरच्या टप्प्यावर असतो. रोगाची सुरुवात पाहायची तर गावातच जावे लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूचे सेवन आणि तोंडातील कर्करोगपूर्व बदल यांचा संबंध त्यातून गावपातळीवर दिसून आला. लोणावळ्याजवळच्या औंढ्यासारख्या मावळातील गावांपासून भीमाकाठच्या गावांपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय घरोघरच्या स्त्रियांत मुरलेली होती. दात घासण्याचा उपचार म्हणून जी चिमूट हातात घेतली जाई, ती व्यसनाची असे. ज्या घरात विडी ओढणारा पुरुष सहज ओळखू येई, तेथे मशेरी लावणारी त्याची आई कोणाच्या गणतीत नसे. गावोगाव फिरून केलेल्या अशा तपासणीमुळे तीही गणतीत आली.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. त्याआधी १९६६ मध्ये त्यांची संशोधन संस्था आणि टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एक झाले होते. पुढे ही संशोधन संस्था नवी मुंबईतील खारघर येथे गेली. तेथील इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे.

त्यांच्या पश्चात मुखकर्करोगावर वनस्पतिज द्रव्ये पडताळण्याचे काम भारतात जोमाने सुरू झाले. साहजिकच पहिला मान हळदीचा. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य काचपात्रातील कर्कपेशींची वाढ रोखते आणि प्राण्यांतही काही परिणाम दाखवते, हे अनेक प्रयोगांत आढळले. परंतु ते आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते, ही मोठी अडचण आहे. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ज्यांचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते अशा बदलांवर, भारतात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २२३ जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन, तर निम्म्यांना दिसायला तशाच निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के लोकांचे चट्टे कमी झाले. एवढाच आकडा सांगितला तर हळदीचा जयजयकार व्हावा. पण निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपैकीही ५५.३ टक्के लोकांत सुधारणा दिसली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हळदीचा थोडा गुण असावा, पण ती मुखकर्करोगाचे औषध ठरलेली नाही, एवढेच या चाचणीवरून म्हणता येते. हा विवेक तुलनेच्या गटामुळे आला आणि तुलनेचा तोच आग्रह मुंबईत १९५५ मध्ये खानोलकरांनी धरला होता.

दुसरे उदाहरण त्यांच्याच रुग्णालयातले आहे. डोसेटॅक्सेल हे औषध यू या सूचिपर्णी वृक्षाच्या पानांतील द्रव्यापासून तयार होते. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना किरणोपचारासोबतचे नेहमीचे सिस्प्लॅटिन हे औषध झेपत नाही, अशा ३५६ रुग्णांवर टाटा रुग्णालयात चाचणी झाली. मुखकर्करोगही याच गटात मोडतो. निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना त्याच्या जोडीने दर आठवड्याला डोसेटॅक्सेलची अल्प मात्रा देण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४१.७ टक्के, तर औषधाची जोड मिळालेल्यांपैकी ५०.८ टक्के रुग्ण हयात होते. शंभरांत नऊ जणांचा हा फरक चमत्कार म्हणून खपणार नाही, पण ज्या घरातला माणूस त्या नऊंत असेल त्या घराला त्याची किंमत विचारावी लागत नाही. वनस्पतीतील द्रव्य मुखकर्करोगाच्या उपचारात उपयोगी पडू शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र हे द्रव्य शुद्ध स्वरूपात, मोजक्या मात्रेत, किरणोपचारासोबत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले होते.

या दोन चाचण्यांमधील फरक ध्यानात न घेता जेव्हा रुग्ण काढ्यावर आणि लेपावर महिने घालवतो, तेव्हा त्याची किंमत मोठी असते. गालातला न भरणारा व्रण लहान असताना शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता चांगली असते. तो जबड्याच्या हाडापर्यंत आणि मानेच्या गाठींपर्यंत गेला की ती झपाट्याने घटते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, लाल वा पांढरा चट्टा, कमी उघडू लागलेले तोंड ही डॉक्टरांकडे जाण्याची निकड आहे.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही सुटी तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे नाते तुटलेले नाही आणि मुखकर्करोग हा भारतीय पुरुषांतील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. ज्या १००० रुग्णांच्या नोंदी खानोलकरांनी १९४४ मध्ये मांडल्या, त्यांतील बहुतेकांना वाचवणे तेव्हाच्या वैद्यकाला शक्य नव्हते. त्यांच्या तोंडातला रोग कोठून आला हे विचारून त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी तो टाळण्याचा मार्ग दाखवला. तंबाखू आणि सुपारी तोंडात न घालणे हाच त्यांच्या संशोधनाने सांगितलेला मुखकर्करोगावरचा सर्वांत स्वस्त उपाय असून, त्यासाठी कोणत्याही नव्या चाचणीची वाट पाहावी लागत नाही.